वहीतली लाल शाई

“वही वाचू नकोस, कालिंदी, कुणाला वाचू देऊही नकोस. मी गेले की नदीत सोड.” सासूबाईंचं हे सांगणं कालिंदीने पाळलं होतं. आणि आज जलशोधन केंद्रातला गुजर नावाचा अधिकारी तिच्यापुढे दोन कुप्या ठेवत होता.

“नदीच्या पाण्यातून वहीची शाई वेगळी काढली, मग शाईतून रंग,” तो कौतुकाने म्हणाला. “हल्ली शाईच्या कणाकणात त्याची कागदावरची जागा नोंदलेली असते, म्हणून अक्षरं परत जुळतात. निळ्यात नुसता रामनामाचा जप आहे. पण ताई, ओळींच्या मध्ये लाल शाईने जे लिहिलंय ना...”

“तुम्ही वाचलंत?”

“यंत्र वाचतं.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

गुजरने मान खाली घातली. “संग्रहालयात ठेवण्यासारखं आहे, म्हणून... तुम्ही संमतीची सही केली नाहीत तर आमच्याकडचा मजकूर पुसावा लागेल.”

“पुसा. माझ्यादेखत पुसा.” कालिंदीचा आवाज चढला नाही. “आईंनी चाळीस वर्षं जे फक्त देवाला सांगितलं, ते तुम्ही गाळून काढलंत! उद्या गाभाऱ्यात कान लावून बसाल. जनाची नाही, मनाची तरी?”

मजकूर पुसला गेल्यावर तिने विचारलं, “याच शाईने पुन्हा लिहिलं तर?”

“जुनी जागा जाते, नवी नोंदते. मग जुनं परत कधीच जुळत नाही.”

कुप्या घेऊन घरी आल्यावर तिने आंघोळ केली, देवापुढे निरांजन लावलं. मग लाल शाई पेनात भरली आणि कोऱ्या वहीच्या पहिल्या ओळीवर लिहिलं, ‘श्रीराम’.