कालची रेघ
मिरची वाळवायच्या पथारीवर सुकलाल आणि त्याची बायको धनुबाई दोघं राबायची. सुकलालने बिडी पाचव्यांदा सोडली होती. रोज सकाळी “आज नही” म्हणत तो गोदामाच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायचा. एकोणीस रेघा झाल्या आणि काल, अवकाळी पावसात मिरचीवर ताडपत्री टाकता टाकता, कुणीतरी पुढे केलेली बिडी त्याने ओढलीच. आज तो ओलं फडकं घेऊन भिंतीपुढे उभा राहिला. मागल्या चारही खेपांना एक बिडी ओढली की त्याने सगळ्या रेघा पुसल्या होत्या, आणि बिडीचं बंडल पुन्हा खिशात आलं होतं. “काल मिरची भिजनी,” मागून धनुबाई म्हणाली, “तं आख्खी फेकी दिधी का आपुन?” “नही. बिघडनी तितलीच काढी, बाकीनी पसारी.” “मंग?” सुकलालला ऐकूनच एकदम हायसं वाटलं. त्याने फक्त कालची रेघ पुसली, खिशातून कोळसा काढला आणि शेजारी आजची ओढली.