गिऱ्हाईक आलं की धूर

“इंजिनाचं गॅस्केट गेलं असेल तर दाखवा मला. उगाच माझ्या गाडीला नावं ठेवायची नाहीत!” थोरली सून कमरेवर हात ठेवून म्हणाली.

मेकॅनिकने जुन्या पिकअपच्या बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. “तेच बघतोय, ताई. रेडिएटरमधलं कूलंट कमी होतं म्हणता, पण गळती कुठेच दिसत नाही.”

“रोज मी रोपं भरून गावभर हिंडते, तेव्हा नाही होत कमी. गाडी बघायला गिऱ्हाईक येणार म्हटलं की नेमकं होतं. वर धुराचा लोट!”

“आणि गिऱ्हाईक पळून जातं,” धाकटा दीर म्हणाला. “कमाल आहे नाही, वहिनी?”

“भाऊजी, मनात आहे ते तोंडावर बोला.”

“बोलतो की. तुम्हीच काहीतरी करता.”

“चोरून करायला मी काय कुणाला भिते? तोंडावर सांगते, गाडी विकू देणार नाही!”

गाडी कागदोपत्री दिराची. पण नवरा गेल्यावर स्टिअरिंग धरलं ते थोरलीने. रोपवाटिकेची रोपं पोचवून ती स्वतःचं आणि लेकीचं भागवत होती. गाडी गेली की दिरापुढे हात पसरायचा, आणि तो तर ती मेली तरी पसरणार नव्हती.

“अगं, काय उराशी कवटाळून बसलीस त्या भंगाराला?” सासूबाई करवादल्या. गाडीच्या मागे, सायलेन्सरच्या नळीपाशी उन्हात त्यांची खुर्ची असायची. तिथे बसून गुडघ्यांना तेल चोळायचं आणि येईल-जाईल त्याला फैलावर घ्यायचं, हा त्यांचा उद्योग. “विक रे बाबा ते डबडं! ह्यांनी जन्म काढला त्याच्याखाली झोपून, आणि मी पाने-पकडी देत बसले. वीट आलाय मला.”

“ऐका! आईसुद्धा तेच म्हणतेय,” दीर खुलला.

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान सासूबाई तरी आपल्या बाजूने बोलतील, असं तिला वाटलं होतं.

मेकॅनिकने रेडिएटरला हातपंप लावून हवा भरली. दाबाचा काटा चढला तो खाली आला नाही, म्हणजे गळती नव्हती. इंजिनाचं ऑइल काढून पाहिलं, तर ते दुधाळ नव्हतं, म्हणजे कूलंट त्यात उतरलं नव्हतं. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडाही नाही. धूरही नाही.

“धुराला गोडसर वास होता का?” त्याने विचारलं. “कूलंट जळालं की तसा येतो.”

“छे! कसला उग्र होता. डोकंच उठलं माझं,” थोरली म्हणाली.

“मग गॅस्केट ठणठणीत आहे. धुराचं काही मला कळत नाही बुवा.” त्याने हिरवं कूलंट तोंडापर्यंत भरलं आणि हात पुसत निघून गेला.

दिराने किल्ली खिशात टाकली. “संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. तोवर वहिनी माझ्या नजरेसमोर बसतील.”

“बसते की! मी का घाबरू?”

दोघं बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसली. चहासुद्धा लेकीने आणून दिला. थोरली जागची उठली नाही.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. झाकण उघडलं, तर कूलंट निम्म्यावर. गाडी सुरू केली, आणि थोड्याच वेळात अंगण धुराने भरून गेलं. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून खोकत सुटलं.

“गाडी आहे की धुराडं?” असं म्हणून त्याने फाटक गाठलं.

दिराने गाडी बंद केली. मग त्याने किल्ली जमिनीवर आपटली. “पुढच्या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक आणतो. बघतोच मी!”

“दहा आणा!” किल्ली उचलत थोरली ओरडली.

तो पाय आपटत बाहेर गेला. सासूबाईंनी फाटकाकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि थोरलीला जवळ बोलावलं.

“पोरी, माझ्या पलंगाखाली बरणीत हिरवं पाणी आहे, ते आधी गाडीत ओत. आणि उद्या येताना माझ्या गुडघ्याच्या तेलाच्या दोन बाटल्या आण, एकीत मनासारखा धूर होत नाही.”