चौथ्या गाण्यातली किंकाळी

चौथं गाणं सुरू झालं तेव्हा निकेश आईला घेऊन स्टेजच्या अगदी पुढ्यात पोचला होता. कोपरं बाहेर काढून तो तिच्यासाठी जागा करत होता. रंभाबाईनं एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात लेकाचा टी-शर्ट घट्ट धरला होता. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात काळे कपडे दोघेच घालतात, वकील आणि मेटलची कर्कश गाणी ऐकणारी पोरं. कॉलेजचं मैदान आज त्या पोरांनी काळंभोर झालं होतं. हिरव्या साडीतली ती एकटीच.

"मले काय समजते रे यातलं?" तिनं त्याचा कान ओढून घोगऱ्या आवाजात विचारलं.

"समजाचं काई नाई माय. आता ते वरडणं येते. आपणबी वरडाचं. मन मोकळं होते."

एवढ्यासाठीच त्यानं तिला जंगलाकाठच्या मोहर्लीहून मोटारसायकलवर बसवून आणलं होतं. तीन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना वाघानं त्याच्या बापाला, नथ्थूला, ओढत नेलं. रंभाबाई सोबत होती, पण एकटीच. ती वाघावर ओरडत राहिली. एकट्या बाईला वाघ कशाला भितो? गावातली माणसं काठ्या घेऊन पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. एरवीही ती मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी जो आवाज बसला तो पुन्हा उठलाच नाही, आणि रडणंही त्याच्याबरोबरच गेलं. पंचनाम्याच्या वेळी ती एकच गोष्ट सांगत होती. नाल्याच्या पल्याड शहरातली दोन पोरं बसली होती, त्यांच्याजवळ केसाळ बोंडाची काठी होती, मी त्यांना हाका मारल्या, ती आली नाहीत. लोक म्हणाले, धक्क्यानं बाईचं डोकं फिरलं. निकेशलाही तसंच वाटलं. त्या सकाळी तो जंगलाच्या दुसऱ्या गेटवर पर्यटकांना जिप्सीतून वाघ दाखवत होता.

बापासाठी त्यालाही रडता आलं नव्हतं. मग वर्षभरानं पुण्याच्या 'कोळिष्टक' नावाच्या बँडचं हे गाणं त्याच्या मोबाइलवर आलं. ड्रम आणि गिटारच्या गदारोळात मध्येच सगळं थांबतं आणि एक किंकाळी उठते. लांबलचक, फाटकी, शब्द नसलेली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा गाडी बाजूला लावून तो ढसाढसा रडला होता. जे आपल्या पोटात आहे ते त्या परक्या गायकाला कसं कळलं, याचं त्याला नवल वाटायचं. तेव्हापासून रोज इयरफोन लावून तो तेच ऐकायचा. आईला गोंगाट सोसत नाही म्हणून घरात कधी मोठ्यानं लावलं नाही. किंकाळी त्याला इतकी पाठ झाली होती की मित्र म्हणायचे, लेका, तू तर गायकापेक्षा ओरिजनल ओरडतो. निकेशची छाती फुगायची.

ड्रम थांबले. पोरांनी दोन बोटांची शिंगं करून हात वर केले. निकेशनं छाती भरून श्वास घेतला. किंकाळी उठली आणि अख्खं मैदान तिच्यासोबत ओरडलं.

निकेशचा श्वास मात्र छातीतच राहिला. आजवर त्यानं या गायकाला मोबाइलवरच ऐकलं होतं, समोर कधी पाहिलं नव्हतं. गायकाचं तोंड बंद होतं. त्यानं माइक स्टँडला लावला, वाकून बाटली उचलली आणि तो आरामात पाणी प्यायला. मागे एक जण लॅपटॉपसमोर बसून मान डोलवत होता. किंकाळी त्या लॅपटॉपमधून येत होती.

फसवलं साल्यांनी, एवढंच त्याच्या मनात आलं. असा संताप झाला की बाटली हिसकावून घ्यावी. ओशाळून तो आईकडे वळला. तिच्या हातातून पदर सुटला होता. तो हात तिनं स्वतःच्या गळ्यावर ठेवला होता.

"निकेश, हा माहा आवाज होय."

"काईबी काऊन बोलून राह्यली माय?"

"तुह्या बापाले सोडवासाठी वरडली होती मी. तेच होय हे. माहं वरडणं मले नाई ओळखू येनार का बाबू?"

केसाळ बोंडाची काठी. निकेशला एकदम उमगलं. पाखरांचे आवाज टिपायला येणारे शहरी लोक वारा लागू नये म्हणून माइकला तसली केसाळ टोपी घालतात. त्याच्याच जिप्सीत तसले कितीतरी जण बसून गेले होते. म्हणजे नाल्यापलीकडची पोरं खरी होती. आईनं त्यांना हाका मारल्या आणि ती पोरं त्या हाका माइकमध्ये भरून घेऊन निघून गेली. गावानं तिला वेडी ठरवलं, पोटच्या पोरानंही ठरवलं. आणि तोच पोरगा दोन वर्षं रोज तिचं ओरडणं कानात घालून, आवाज वाढवून वाढवून ऐकत होता.

"वन्स मोअर! वन्स मोअर!" मैदान ओरडू लागलं. गायक हसला. त्यानं बाटली खाली ठेवली आणि लॅपटॉपवाल्याला बोटानं खूण केली.

"चाल माय, घरी जाऊ." निकेशनं तिचा हात ओढला. ती हलली नाही.

किंकाळी पुन्हा उठली. हजारो पोरं शिंगं वर करून, गळ्याच्या शिरा ताणून तिच्या आवाजात आवाज मिसळत होती. रंभाबाई मागे वळली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं सगळ्या गर्दीवर नजर फिरवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं पुन्हा लेकाचा कान जवळ ओढला.

"त्या दिशी इतले जण वरडले असते," ती म्हणाली, "तं सोडलं असतं त्यानं तुह्या बापाले."