बावीस नंबरची साखर

प्रयोगशाळेतले ढगेमामा रोज सकाळी बावीस नंबरच्या उंदराची शेपटी टोचून साखर बघत आणि मग त्याच यंत्रावर स्वतःची. उंदीर सहा वर्षांचा, म्हणजे उंदरांचे दोन जन्म. नव्या औषधानं त्याचं म्हातारं स्वादुपिंड दर वर्षी पुन्हा कोवळं व्हायचं.

आज डॉक्टर गर्गेबाई रजिस्टर घेऊन आल्या.

"ढगे, याची साखर तीनशे दहा? म्हणजे औषध फसलं. काढा त्याला, कापून बघू."

मामांनी पिंजऱ्यावर हात ठेवला.

"बाई, चुकून माझी लिहिली. त्याची पंचाण्णव आहे."

बाईंनी आकडा खोडला.

"माणसांना कधी मिळेल हे?" मामांनी विचारलं.

"दहा वर्षं तरी लागतील."

मामांनी थकल्या हातानं उंदराला दाणे घातले. "हा बघेल मग," ते म्हणाले.