पाठपोट घर

खर्र... खट्. प्रिंटरनं कागद बाहेर टाकला आणि सकाळची शांतता मोडली. गालावरचा दाढीचा फेस तसाच घेऊन नवरा दारात उभा राहिला.

"झाली पुन्हा कागदांची नासाडी?"

तिनं मान वर केली नाही. लेकीला आज वर्गात न्यायचं होतं ते घर. एकाच कागदावर, पाठपोट. पुढे घर बाहेरून, मागे आतली माणसं. कागद उजेडासमोर धरला की माणसं आपापल्या जागी उभी राहत: अरुंद खिडक्यांपैकी मधलीत लेक, डावीकडचीत आई, उजव्या टोकाच्या रुंद दारात बाबा. लेक झोपल्यावर वेळ चोरून तिनं एकेक माणूस रेखलं होतं.

साध्या कागदावरचा नमुना त्यानं उचलून धरला. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त बाबांचा एक खांदा आणि कान गायब.

"वा! सगळं घर शाबूत, कापायला मीच सापडलो?"

"प्रिंटर कडेला बोटभर जागा कोरी सोडतो. सतत दारात उभ्या राहणाऱ्यांचं तसंच होतं."

"'पानात बसवा' म्हणून एक पर्याय असतो. डोळे उघडे ठेवले की दिसतो. सरक."

जाड कागद एकच उरला होता. त्याची पुढची बाजू तिनं आताच छापली होती.

"अहो, पुढचं घर पूर्ण मापाचं आहे. मागचं तेवढं आक्रसलं तर—"

"आता तुझ्याकडून शिकायचं बाकी राहिलंय मला."

तिनं हाताची घडी घातली. स्वतःचे मोजे सापडत नाहीत याला आणि निघालाय घर बसवायला! अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस. होऊ दे फजिती. तिला आतून गुदगुल्याच झाल्या.

खर्र... खट्.

"बघ. बुटांसकट अख्खा आलोय." शीळ घालत तो आंघोळीला गेला.

गणवेशाचं शेवटचं बटण लावत लेक आली. कागद तिनं खिडकीच्या काचेवर दाबून धरला. मधल्या खिडकीत ती स्वतः होती, अगदी होती तिथेच. दारात बाबा, दोन्ही खांदे, दोन्ही कान. मग तिचं बोट डावीकडच्या रिकाम्या खिडकीवर गेलं. तिथून हळूहळू आत सरकलं आणि विटांवर थांबलं.

'बाबांनाच विचार,' हे वाक्य आईच्या जिभेवर तयार होतं. किती वर्षांपासून तयारच असायचं ते.

लेकीनं मात्र वळून तिच्याकडेच पाहिलं.

"आई, बाबा अख्खे आले की तू भिंतीत का जातेस?"