माहेरची अंडी

“अंडी अजून कोमट हायत, आत्याबाई. कालवणात टाकू का? तुमीच म्हणता ना, काई वाया घालू नये.”

सुकेशनी टोपलं हातात घेऊन उभी होती. तिची सासू सरजाबाई शेळ्यांच्या गोठ्यामागं वाकून पिसं वेचत होती. सकाळी कोंबडी दाणा टिपायला म्हणून अंड्यांवरून उठली अन् मुंगसानं डाव साधला. मागं राहिली ती मूठभर पिसं. तीही सरजाबाईनं टाकली नाहीत. लांब लांब निवडून पदराच्या गाठीला बांधली, कानात फिरवायला होतात म्हणून.

सुनेचं काही चुकलं नव्हतं. ह्या घराची शिस्तच तशी. लेंड्या शेताला, कोंबड्यांची घाण मिरचीला, पऱ्हाट्या चुलीला अन् चुलीची राख कोंबड्यांना लोळायला. भाकरीचा करपलेला पापुद्रासुद्धा कुणाच्या ना कुणाच्या तोंडी लागायचा. ही शिस्त सरजाबाईनंच लावलेली आणि आज ती तिच्याच अंगाशी आली.

“ती खायची न्हाईत,” ती म्हणाली. “माझ्या मायची हायत.”

सुकेशनीला हसू यायला लागलं होतं, पण सासूचं तोंड बघून तिनं ते आवरलं.

सरजाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा मायकडं द्यायला गुंजभर सोनं नव्हतं. जिंतूरला एसटीत बसवताना मायनं पिशवीत एक कोंबडी दिली, डोकं तेवढं बाहेर. कंडक्टर असा खट, त्यानं तिचंही अर्धं तिकीट मागितलं. त्या कोंबडीची लेक, लेकीची लेक, असं करत करत सरजाबाईचं अंगण आजवर कधी सुनं पडलं नव्हतं. सकाळी मुंगसानं नेली ती त्यातली शेवटची. मधल्या काळात माय गेली. माहेरचं घर पडलं, भावांनी जागाही विकली. मायचं म्हणून जे काही जितं उरलं होतं ते आता ह्या टोपल्यात होतं, आणि दुपारपर्यंत गार पडलं असतं.

“मग आता?” सुकेशनीनं विचारलं.

“खुडूक कोंबडी बघावी लागंल. अंड्यावर बसायच्या बेतात असलेली.”

“आता कोण पाळायलंय कोंबड्या? समदे बॉयलरच आणायलेत.”

“कमळीकडं असंल.”

घरात कापसाचा ढीग पडला होता. त्याच्या पोटातून उबदार कापूस ओढून सरजाबाईनं अंड्यांच्या वर-खाली घातला, टोपलं कडेवर घेतलं आणि लेकरू दवाखान्यात न्यावं तशी निघाली.

कमलबाईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोघी एकाच सालातल्या सुना. एका ओळीत बसून दोघींनी निम्म्या गावाचं रान खुरपलं होतं, आणि कमलबाईची जीभ खुरप्याच्या पुढं चालायची. मग तणनाशक आलं. पाठीवर पंप बांधून एकटा माणूस सगळं रान आटपायला लागला अन् बायकांच्या टोळ्या मोडल्या. आता भेट व्हायची ती कुणाच्या मयतीला. तिथं काय बोलणार, डोंबल?

कमलबाई ओट्यावर एकटीच तुरीच्या शेंगा सोलत होती. पोरं पुण्याला, घर चिडीचूप.

“वाट चुकलीस का काय गं, सरजे?”

सरजाबाईनं नुसता कापूस बाजूला केला. कमलबाईनं अंडी बघितली, सरजाबाईचं तोंड बघितलं. एकेक अंडं मुठीत धरून तिनं उन्हाकडं केलं.

“जीव हाय. ह्यात बी हाय. ह्यात काई न्हाई बग.”

“ते कढीपत्त्याच्या बुडाला घाल.”

“घालते की. मला काय शिकवायलीस?”

आत कोपऱ्यात, डालग्याखाली, कमलबाईची कोंबडी मोकळ्याच जागेवर फुगून बसली होती. “लय दिवसाची बसलीय अशीच,” कमलबाई म्हणाली. “पाण्यात बुचकळून उठवावी म्हणत होते, पण हात होईना.”

तिनं टोपल्यात एक कोळसा ठेवला, एक खिळा ठेवला, आभाळ गरजलं तरी अंडी नासू नयेत म्हणून. वर कोंबडी बसवली. कोंबडीनं अंग सैल सोडलं, एकेक अंडं चोचीनं पोटाखाली ओढून घेतलं आणि डोळे मिटले.

सरजाबाईला रडू आलं. कोंबडीपायी कुणी रडतं का, असलं काही मनात न आणता ती भरपूर रडली.

“सांजच्याला टोपल्यासकट उचलून नेते,” मग ती म्हणाली. “निम्मी पिल्लं तुझी. रिवाजच हाय.”

कमलबाई डालगं नीट करत राहिली. ते आधीच नीट होतं.

“पिल्लं घेऊन काय करू? कोण हाय इथं खायला? अन् खुडूक कोंबडी हलवू नये गं. जागा बदलली की बसायची न्हाई ती. ऱ्हाऊ दे इथंच. तिच्या दाण्यापाण्याला तूच येत जा रोज, पिल्लं निघंपर्यंत.”

सरजाबाईनं जन्मात कितीतरी खुडूक कोंबड्या दिवेलागणीला फडकं टाकून ह्या घरून त्या घरी हलवल्या होत्या. सकाळी बघावं तर काही झालंच नाही अशा बसलेल्या. आणि त्यातल्या कितीकदा टोपल्याची दुसरी बाजू ह्याच कमळीनं धरली होती.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि ओट्यावर कमलबाईच्या शेजारी ऐसपैस मांडी घातली.

“खरं हाय, बाई,” ती म्हणाली. “हलवली की बिघडती.”