आखाजीची साखर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरहून लेक येणार म्हणून सुरतेजवळच्या भेस्तानच्या खोलीत मालतीबाई उपाशीपोटीच मांड्यांचं पुरण वाटत होत्या. तेवढ्यात सून उज्ज्वला रक्तातली साखर मोजायचं यंत्र घेऊन आली. आकडा रोज एकशे दहाच्या आसपास यायचा, डॉक्टर म्हणाले होते, “साखर उंबरठ्यावर आहे, आत येऊ देऊ नका.” मालतीबाईंनी पदराला पुसून बोट पुढे केलं. दोनशे साठ! “झालं वं माय! मन्ही मायसारखा मन्हाबी पाय कापतीन!” साखरेपायी आईचा पाय कापावा लागला होता, ते आठवून त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या, पायाचा अंगठा दाबून दाबून पाहू लागल्या. उज्ज्वलाने त्यांचं बोट उजेडात धरलं. “आत्याबाई, नखात पुरण तसंच! यंत्राने गूळ मोजला की!” साबणाने हात धुऊन दुसरं बोट टोचलं. एकशे बारा. सून खुदकन हसली. मालतीबाईंनी मात्र उरलेली आठही बोटं पुढे केली, “आता यासलेबी इचार, माय!”